मावशींचे हात आणि अठ्ठावीसशे रुपयांचा एक तास

सप्टेंबर आला की आमच्या ऑफिसात कुणी कुणाशी धड बोलत नाही. सीएचं ऑफिस आहे, ३० तारखेची टॅक्स ऑडिटची डेडलाइन असते, सरकार ती कधी पुढे ढकलतं कधी नाही, आणि ढकललीच तर अगदी शेवटी शेवटी, त्यामुळे आम्ही सगळे दहा-दहा अकरा-अकरा तास स्क्रीनला डोळे लावून बसलेलो असतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सप्टेंबरात माझी मान गेली. गेली म्हणजे कशी, सकाळी उठले आणि उजवीकडे वळेचना. रस्ता ओलांडताना गाडी येतेय का बघायला अख्खी फिरायचे, देवळात प्रदक्षिणा घातल्यासारखी. खांद्याच्या वर जिथे पर्सचा पट्टा येतो तिथे सुपारीएवढी गाठ हाताला लागायची आणि ती दाबली की कळ कानामागून थेट डोळ्यापर्यंत जायची.

नवऱ्याला दया आली. त्याने लग्नाच्या वाढदिवसाचं निमित्त करून एका मॉलमधल्या स्पामध्ये बुकिंग केलं. मंद लाइट, कुठूनतरी पाण्याचा आवाज, गवती चहाचा वास (ते त्याला लेमनग्रास म्हणतात, म्हणजे दर वाढतो). साठ मिनिटांचे अठ्ठावीसशे रुपये, वर जीएसटी. खोटं कशाला बोलू, छान वाटलं. मला चक्क झोप लागली आणि बहुतेक मी घोरले पण. बाहेर आल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅम आता भरपूर पाणी प्या, तुमच्या बॉडीतले टॉक्सिन्स रिलीज झालेत, ते बाहेर पडले पाहिजेत. मी विचारलं कुठले टॉक्सिन्स? ती म्हणाली, सगळेच. मग तिने दहा सेशनचं पॅकेज पुढे केलं.

तिसऱ्या दिवशी सुपारी जागेवर हजर.

तेव्हा मला कऱ्हाडच्या मावशी आठवल्या. मावशी म्हणजे आमच्या कुणी नात्यातल्या नाहीत, बाळंतिणीला आणि बाळाला मालिश करायला येणाऱ्या. माझं बाळंतपण माहेरी झालं, २०११ च्या डिसेंबरात. लेक चौतीसाव्या आठवड्यातच आली, वजन एक किलो नऊशे ग्रॅम, अकरा दिवस काचेच्या पेटीत होती, माझं सिझेरियन. घरी आलो तेव्हा माझी आजी अजून होती आणि तिच्या मते या सगळ्यावर एकच उपाय होता, तेल. डॉक्टर म्हणाले बाळाला अडीच किलो होईपर्यंत मालिश नको, आंघोळ पण रोज नको, छातीशी धरून ठेवा. आजीला ते काही पटलं नाही, पण आईने डॉक्टरांची बाजू घेतली त्यामुळे पहिले काही दिवस मावशी फक्त माझ्यासाठी यायच्या.

सकाळी आठला यायच्या. आल्या आल्या बंब पेटलाय का बघायच्या, घाण्याच्या तिळाच्या तेलाची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायच्या, गॅसवर कधीच नाही, आणि मग पदर खोचून मला पालथं नाही हं, कुशीवर घ्यायच्या कारण टाके ओले होते. पोटाला त्यांनी सव्वा महिना हातसुद्धा लावला नाही. शेजारच्या काकू सांगत होत्या की पोट चोळून घट्ट बांधलं की आत जातं, मावशी म्हणाल्या, "शिवलेल्या पोत्यावर कुनी नाचतं का?" आणि विषय संपला.

त्यांचा हात एकदम सावकाश चालायचा. कमरेपासून वर खांद्यापर्यंत तळव्याचा मागचा भाग टेकवून सरकवत यायच्या, मग खांद्यावर अंगठे फिरवायचे, परत खाली. घाई म्हणून नाही. मी तेव्हा रात्र-रात्र जागी, दूध पुरेसं येत नाही म्हणून रडवेली, आणि त्या अर्ध्या पाऊण तासात पहिल्यांदा कुणीतरी मला काही विचारत नाही, सांगत नाही, फक्त हात फिरतोय. ते सुख मी अजून विसरले नाही. आणि दिवसाचे दीडशे रुपये, दोघींचे मिळून, लेकीची मालिश सुरू झाल्यावरही तेच.

आता खरी गोष्ट सांगते ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

मालिशचा तिसरा की चौथा दिवस असेल. माझा डावा पाय आदल्या रात्रीपासून जड वाटत होता, पोटरी सुजल्यासारखी. आजी म्हणाली वात धरलाय, बाळंतिणीला होतं, आज पाय जोर लावून रगड गं. मावशींनी तेल घेतलं, पोटरीवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवला. मग दुसऱ्या पायावर ठेवला. परत डाव्या पायावर. हलकंच दाबलं तशी मी ओरडले. त्यांनी हात काढून पदराला पुसले आणि आईला म्हणाल्या, "ह्या पायाला मी हात न्हाई लावनार. आदी डॉक्टरला दावा, मग बगू." आजी चिडली, पन्नास वर्षं बघतेय मी, वात आहे हा. मावशी म्हणाल्या एक पाय थंड आन् एक पाय गरम, असला वात मी न्हाई बगितला. आणि मग आवाज खाली घेऊन, "एकदा बगितलाय, म्हनून सांगते."

पुढे काही बोलल्या नाहीत. आईने रिक्षा बोलावली.

सोनोग्राफीत निघालं की पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे रक्त गोठण्याचं प्रमाण एरवीपेक्षा जास्त असतं, त्यात सिझेरियन, त्यात मी दिवसभर पलंगावर. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जाऊ शकतो आणि जोर लावून पाय रगडणं म्हणजे तिला ढकलून देण्यासारखंच. मग पोटात इंजेक्शनं, गोळ्या, घट्ट मोजे, बरेच महिने चाललं ते. डॉक्टरांनी विचारलं, लवकर कसं लक्षात आलं तुमच्या? आईने सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

मला आजपर्यंत मालिशबद्दल जेवढं काही कळलंय ना, त्यात सगळ्यात वरचं हे की कुठे हात लावायचा नाही हे ज्याला कळतं त्याच्याच हातात आपलं अंग द्यावं. एकच पाय सुजलाय, दुखतोय, गरम लागतोय, तर तेल बाजूला ठेवा. ताप असेल, कातडीवर जखम किंवा पुरळ असेल, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील, म्हाताऱ्या माणसाची हाडं ठिसूळ झाली असतील, पडून हाड मोडल्याची शंका असेल तर आधी डॉक्टर. गंमत म्हणजे आपल्या जुन्या लोकांना हे माहीत होतं. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग करावा, डोकं, कान आणि पाय इथे तर विशेष करावा असं आहे आणि लगेच पुढे कुणी करू नये तेही आहे, कफ झालेल्याने, अजीर्ण झालेल्याने, नुकतंच पंचकर्मातलं शोधन, म्हणजे उलटी-जुलाबाचे उपचार, घेतलेल्याने. व्हॉट्सॅपवर पहिली ओळ फिरते, दुसरी कुणीच फॉरवर्ड करत नाही.

असो. तर मान.

मी अकाउंटंट आहे त्यामुळे माझी सवय अशी की खर्च करायच्या आधी व्हाउचर बघायचं. तेव्हा दहा सेशनचं पॅकेज घ्यायच्या आधी मी रात्री जागून वाचत बसले की मालिशने नक्की होतं काय. बरंच काही मिळालं, त्यातलं मला जे कळलं ते सांगते.

ते टॉक्सिन्सचं पहिलं. तसं काही निघत नाही. रक्त साफ करायला लिव्हर आणि किडन्या आहेत, त्यांना पाठीवरून कुणी हात फिरवायची वाट बघावी लागत नाही. पाणी प्या, तहान लागली असेल तर. त्याचाच चुलतभाऊ म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिड. माझा नवरा पळतो, साताऱ्याची हिल मॅरेथॉन करून आला की दोन दिवस जिना उतरताना कठडा धरून उलटा उतरतो, आणि त्यांच्या ग्रुपमध्ये ठाम समजूत आहे की मालिश केली की मांड्यांत साचलेलं लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं. अरे ते तासा-दीड तासात आपलं आपण जातं, दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या बारीक इजेचं आणि सुजेचं असतं. २०१२ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात अकरा तरुण पोरांना दमेपर्यंत सायकल मारायला लावली, मग प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटं मालिश केली, दुसरा पाय तसाच, आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. (पोरं तयार कशी झाली देव जाणे.) लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये काहीच फरक नाही. पण मालिश केलेल्या पायात सूज वाढवणारे संदेश कमी झालेले आणि पेशींतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढवणारे संदेश जास्त. म्हणजे फायदा आहे, पण लोक सांगतात तो नाही, वेगळाच आहे. अकराच पोरं होती हे पण लक्षात ठेवायचं.

मग पाठ. अमेरिकेत सिअ‍ॅटलकडे जुनी कंबरदुखी असलेल्या ४०१ लोकांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये छापून आला. एका गटाला साधी आरामाची मालिश, दुसऱ्याला नेमके स्नायू हेरून केलेली शास्त्रोक्त वगैरे, तिसऱ्याला त्यांचे नेहमीचे औषधोपचार. आठवड्याला एकदा, साधारण तासभर, दहा आठवडे. शेवटी मालिशवाल्या दोन्ही गटांत शंभरातले पस्तीस-चाळीस जण म्हणाले दुखणं खूप कमी झालं किंवा गेलंच, आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात शंभरातले चार. यात मला मजा वाटली ती ही की साधी मालिश आणि शास्त्रोक्त मालिश यांत जवळपास काही फरक नव्हता! फरक सहा महिन्यांपर्यंत टिकला, वर्षभरात बराचसा विरला. म्हणजे कंबरेचा विमा आहे हा, हप्ता थांबला की पॉलिसी लॅप्स.

मानेचं माझ्या कामाचं. २०१४ चा अभ्यास आहे, २२८ लोक, सगळ्यांची मान जुनी दुखणारी. कुणाला आठवड्यातून एकदा, कुणाला दोनदा, तीनदा, कुणाला अर्धा तास, कुणाला तास. अर्ध्या अर्ध्या तासाच्या मालिशचा नुसतं वाट बघत बसलेल्या लोकांपेक्षा धड फायदा दिसला नाही. तासभर, आठवड्यातून दोन-तीन वेळा, चार आठवडे, असं केलं त्यांना खरा उपयोग झाला. मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. अठ्ठावीसशे गुणिले तीन गुणिले चार, तेहेतीस हजार सहाशे, अधिक जीएसटी. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला यात आपण नवीन मान बसवू.

आता एवढं सगळं असून छान का वाटतं, त्याचं पण वाचलं आणि ते मला फार आवडलं. आपल्या केसाळ कातडीत, म्हणजे पाठ, हात, मांड्या, तळहात-तळपाय सोडून, एक वेगळ्याच प्रकारचे मज्जातंतू असतात. ते टोचलं-भाजलं हे कळवत नाहीत, ते फक्त हळू, कोमट स्पर्श ओळखतात. हात सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर इतक्या सावकाश फिरला की ते सगळ्यात जोरात बोलतात, आणि बोलतात ते मेंदूच्या भावना सांभाळणाऱ्या भागाशी. भरभर घासलं की गप्प. आईने बाळाच्या पाठीवरून हात फिरवावा तोच हा वेग. मावशींनी कुठे सेंटिमीटर मोजले होते, पण त्यांचा हात त्याच वेगात चालायचा.

ताण कमी होतो का, तर होतो. जाहिरातीत म्हणतात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हॉर्मोन, इतके टक्के घटतं, ते मात्र अनेक अभ्यास एकत्र करून बघितलं की फार किरकोळ निघतं. पण सलग काही वेळा मालिश घेतलेल्या लोकांची घालमेल, उदासी कमी होते हे बऱ्यापैकी नीट दिसलंय. का होते ते हॉर्मोनच्या रिपोर्टात सापडत नाही एवढंच. सापडायलाच पाहिजे असं कुठे आहे.

आणि बाळांचं. हे वाचताना मला आजीची आठवण येऊन रडू आलं कारण ती अर्धी तरी बरोबर होती. १९८६ मध्ये मायामीला टिफनी फील्ड नावाच्या बाईंनी दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना हॉस्पिटलातच, पेटीत हात घालून, दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं असं दहा दिवस चोळलं. त्या काळात अशा बाळांना होता होईल तेवढा हात लावू नये हीच पद्धत होती. मालिश केलेल्या बाळांचं वजन बाकीच्यांपेक्षा रोज ४७ टक्के जास्त वाढलं आणि ती सहा दिवस आधी घरी गेली, दूध मात्र तेवढंच पीत होती! पुढे दिसलं की हात अगदी हलका ठेवला तर उपयोग होत नाही, बाळाला गुदगुल्या झाल्यासारखं होतं, थोडा दाब लागतो. तो दाब मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या एका मोठ्या मज्जातंतूला जागं करतो आणि पचन सुधारतं असं त्यांचं म्हणणं. नंतर २००४ च्या एका मोठ्या आढाव्यात सगळे अभ्यास एकत्र केले तेव्हा फायदा दिवसाला साधारण ५ ग्रॅम एवढाच आला आणि अभ्यास फार काटेकोर नव्हते अशी नोंदही आली. पाच ग्रॅम तर पाच ग्रॅम. एक किलो नऊशेचं पोर मांडीवर असेल तर पाच ग्रॅम म्हणजे काय ते आईलाच विचारा, मी तेव्हा रोज वहीत लिहीत होते.

आमची लेक अडीच किलो झाली त्या दिवशी मावशी जरा लवकरच आल्या. पाटावर बसल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन पाय पसरले, दोन्ही नडग्या जोडून त्यावर तिला पालथी घातली आणि ती एवढीशी, बेडकाच्या पिल्लासारखी, पहिल्यांदा ओरडली, दुसऱ्यांदा ओरडली आणि मग डोळे अर्धे मिटून गप्पच झाली. मावशी पाठीवरून तेलाचा हात आणायच्या, तळपायावर अंगठा फिरवायच्या, उजवा हात डाव्या पायाला नि डावा हात उजव्या पायाला असं हळूच जुळवायच्या. पण बाकी जे लोक करतात त्यातलं त्यांनी काही केलं नाही. नाकात-कानात तेल नाही, कारण नाकातलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं. छाती पिळून दूध काढणं नाही, त्याने तिथे पू होतो. नाक ओढून सरळ करणं नाही, पाय धरून उलटं लोंबकळवणं तर नाहीच नाही. डाळीच्या पिठाने लव घासून काढा असं आजी म्हणाली तेव्हा म्हणाल्या, "आजी, तुमच्या गालाला घासते आदी." धुरीवर मात्र आजी जिंकली, ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, खोलीभर धूर. आज मी ते होऊ दिलं नसतं, एवढ्याशा छातीला धूर कशाला, पण तेव्हा आजीशी रोज किती भांडणार.

परत मानेवर येते, मधेच भरकटले.

नवऱ्याने दुसरा उपाय सुचवला, त्याचा न्हावी. कटिंग झाल्यावर डोक्याला मस्त चंपी करतो आणि शेवटी हनुवटी धरून कडकन मान मोडतो, एकदा इकडे एकदा तिकडे. पुरुषांना त्या आवाजाचं काय एवढं कौतुक असतं कळत नाही. चंपीला माझी ना नाही, चंपी तर आपली जगभर गेलेली गोष्ट आहे, इंग्रजीतला शाम्पू हा शब्द चांपणे-चंपीच्याच घरातला, आणि पाटण्याकडच्या साके दीन महंमद नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ब्रायटनला जाऊन वाफेची न्हाणी आणि चंपीचा असा धंदा काढला की तिथल्या राजानेसुद्धा त्याला शाही चंपीवाला नेमलं. पण ते कडकन वालं नको. मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वर जातात आणि झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते, लकवा होतो. रोज हजारो लोकांना काही होत नाही हे खरंच, पण ज्याला होतं त्याला वीस रुपयांच्या टिपेत होतं. मी नवऱ्याला शपथ घातलीय. तो म्हणतो आता मोडत नाही. कॉलरवर केस कमी आणि तेल जास्त असलं की मला शंका येते.

शेवटी फिजिओकडे गेले. तिने गाठीवर पाच-सात मिनिटं हात फिरवला फक्त आणि बाकी वेळ मला कामाला लावलं. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणायला लॅपटॉपखाली जुन्या बॅलन्सशीटच्या दोन फायली, वेगळा कीबोर्ड, दर चाळीस मिनिटांनी उठायचं, आणि खांद्याचे व्यायाम रबराच्या पट्ट्याने. ती एक वाक्य बोलली ते माझ्या लक्षात राहिलंय, म्हणाली मालिश केल्यावर दुखणं एक-दोन दिवस झोपतं, तेवढ्यात तुम्ही स्नायूंना काम शिकवून घ्या, ते उठायच्या आत. मला स्पामध्ये छान वाटून तिसऱ्या दिवशी परत का दुखलं ते तेव्हा कळलं. ते दोन दिवस मी आरामात एक्सेलमध्ये घालवले होते ना.

घरच्या घरी मी आता दोन गोष्टी करते. एक, जुन्या मोज्यात टेनिसचा बॉल घालून तो पाठ आणि भिंत यांच्यामध्ये धरायचा आणि गुडघे जरा वाकवत वर-खाली व्हायचं, गाठ सापडली की तिथे दहा-पंधरा श्वास थांबायचं. मणक्यावर नाही, मणक्याच्या बाजूला. दिसायला अगदी म्हैस झाडाला अंग घासते तसं दिसतं, लेक व्हिडिओ काढायची धमकी देते. दोन, रविवारी रात्री काशाची वाटी. ही आईची देणगी. तळपायाला थोडं तूप लावायचं आणि काशाच्या वाटीचा बुडखा गोल गोल फिरवत राहायचं, दहा मिनिटं एका पायाला. तूप काळं-करडं होत जातं आणि आई म्हणते बघ कशी उष्णता निघतेय. मी एकदा सांगून बघितलं की आई अगं कासं म्हणजे तांबं आणि कथिल, तुपाने आणि घासण्याने धातूचाच रंग सुटतो तो, भिंतीला घासली असतीस तरी भिंत काळी झाली असती. आई म्हणाली मग तुला झोप का लागते? तर लागते खरी. उष्णता निघो न निघो, दुसऱ्या पायाला वाटी जाईपर्यंत माणूस अर्धा झोपलेला असतो. फक्त बाबांना शुगर आहे आणि त्यांचे तळवे थोडे बधिर झालेत म्हणून त्यांना आधी पाय नीट बघून, भेगा-फोड नाही ना ते बघून, अगदी हलक्या हाताने. बधिर पायाला जोर किती लागला ते कळत नाही आणि जखम झाली तर भरता भरत नाही.

मान आता बरी आहे. पूर्ण नाही, सप्टेंबरात कुरकुरते, पण वळते.

या दिवाळीला कऱ्हाडला गेलो होतो. नरक चतुर्दशीला पहाटे आईने सगळ्यांना पाटावर बसवून तेल लावलं, आता लेकीच्या पाठीला हात पुरत नाही आईचा एवढी उंच झालीय ती, मग उटणं, कारीट फोडणं, फराळ, सगळं झालं आणि दहाच्या सुमाराला मावशी आल्या. दरवर्षी येतात. दोन वर्षं झाली त्यांनी काम सोडलंय. पडवीत बसल्या, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरला होता, बोटांनी नाही. नीट बघितलं तर दोन्ही अंगठ्यांची मुळं सुजून बाहेर आलेली. पीळ घालून झाकण उघडत नाही म्हणाल्या, कपडे पिळता येत नाहीत, सून करते. आजवर किती पोरं चोळली असतील मावशी, मी विचारलं. म्हणाल्या मोजायला मी काय तुझ्यासारकी हिशेबाची हाय का.

पाटाजवळ सकाळच्या तेलाची वाटी तशीच होती. मी ती घेऊन त्यांच्या समोर बसले. अगं नगं, तू काय करतीस, म्हणाल्या, पण हात मागे घेतला नाही. मी त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्याच्या बुडाशी माझे दोन्ही अंगठे लावून दाबायला लागले, फिजिओने माझ्या खांद्याला केलं होतं तसं.

"अंगठ्यानं नगं," मावशी लगेच म्हणाल्या. "तळव्यानं कर. अंगठ्यानं करून करून तर ही गत झालीया माजी."

मी तळवा टेकवला.

"आन् जरा हळू. कुठं गाडी चुकतीया का तुजी?"